हातभर धुरा

बकारामच्या हातातलं फावडं अजून अर्ध्यावरच थांबलेलं होतं आणि त्याच्या पायाशी, नुकत्याच तासलेल्या धुऱ्यातून, एका काळ्या नळीचं कापलेलं तोंड बाहेर आलं होतं. नीलेश उकिडवा बसून त्या तोंडाकडं पाहत होता. सौंदडच्या बाजूला थांबलेल्या त्याच्या सोबत्यानं, तार कुठं तुटली ते कळावं म्हणून, नळीतल्या काचेच्या तारेतून लाल उजेड सोडला होता. तो उजेड इथून पुढच्या धुऱ्याला निघायला हवा होता, पण तो बकारामच्या शेतातच मुक्कामाला उतरला होता.

"माह्या ध्यानातच नाई राहिलं," बकाराम म्हणाला. "जेठ लागला का हात आपोआप धुऱ्यावर जाते."

भोवती जमलेली माणसं हसली. हसण्यासारखंच होतं. ही नळी पुरायची नाली बकारामनं स्वतः खणली होती. नळी बसवताना 'हळू, हळू, आत काच आहे' म्हणून दुसऱ्यांवर ओरडणाराही तोच होता. आणि महिना उलटायच्या आत तोच गडी न्याहारी करून फावडं घेऊन आला आणि आपल्या हातानं आपलीच नळी कापून बसला. त्या जागी खाली दगड लागल्यामुळं नाली हवी तेवढी खोल गेली नव्हती, हे खरं. पण बेहडटोल्यात जेठ महिन्यात जो तो आपले धुरे तासतो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. त्यावरचं गवत काढायचं, कडा सारख्या करायच्या आणि आतली धानाची बांधी पेरणीसाठी नीटनेटकी करून ठेवायची. दाढी करताना माणूस जितका विचार करतो, तितकाच विचार करून हे काम होतं.

नीलेश रागावला नाही. तो गोंदियाचा, तिशीच्या आतला, बोलता बोलता हिंदीत घसरणारा. खेड्यांना स्वतःचं इंटरनेटचं जाळं उभारायला मदत करणारी एक छोटी संस्था गोंदियात होती, तिच्यात तो कामाला होता. गावानं आपली सोसायटी काढायची, घरटी भाग घालायचा, खोदाई अंगमेहनतीनं करायची. उरलेला पैसा संस्था थोडा कर्जाऊ, थोडा देणगीतून उभा करायची, आणि तार, यंत्रं, शिकवणं तिच्याकडं. तार गावाच्या मालकीची, तिचा कारभार गावाचा आणि तिच्यावरून होणारी भांडणंही गावाचीच.

बेहडटोल्याला या तारेची एवढी निकड का, हे समजून घ्यायचं तर रेशनच्या दिवशी गावामागच्या टेकडीवर जायला हवं. अंगठा लावायचं यंत्र आलं तेव्हापासून रेशन दुकानदार टेकडीवरच्या एका चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडाखाली बसू लागला होता, कारण मोबाइलची रेंज गावात कुठंच नव्हती, फक्त तिथं होती. सगळं गाव टेकडी चढायचं, अंगठा लावायचं आणि खाली दुकानात येऊन तांदूळ घ्यायचं. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना लोक पाठीवर घालून वर न्यायचे. वर गेल्यावर रेंज गेली की यंत्र नुसतंच गोल गोल फिरत बसायचं, आणि म्हातारी जशी वर गेली तशी रिकामी खाली यायची. दुकानदारालाही त्याची लाज वाटायची, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

"तार तर मी जोडून देतो, काका," नीलेश उठत म्हणाला. "लेकिन एक बात सगळ्यांनी समझ लो. ज्या धुऱ्यात तार गेली, तो धुरा आता हलणार नाही. ना तासना, ना सरकाना. हमेशा के लिए. आज जिथं आहे, तिथंच."

माणसांनी माना डोलावल्या. मागं उभ्या असलेल्या तुलसीराम रहांगडाल्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि म्हणाले, "माहा धुरा तयार आहे. केव्हाबी या, खणा."

सत्तरीचा माणूस, घरचं भलंथोरलं शेत, आणि तरी एका शब्दात मोकळा झाला, म्हणून लोकांना मोठं कौतुक वाटलं. कुणीतरी म्हणालं की आता राहिलं ते लहान घर, आणि तिथं तर विचारायचंच कारण नाही, सोसायटीच्या अध्यक्षांचंच घर ते. सगळ्यांनी फुलवंताकडं पाहिलं. समोर तुलसीराम, तिचा भासरा म्हणजे थोरला दीर, उभा म्हणून तिनं पदर नाकापर्यंत ओढलेला होता, त्यामुळं तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

फुलवंता कामठ्याची लेक. लग्न होऊन बेहडटोल्यात आली तेव्हा तिला विड्या वळायच्या, धान रोवायचं आणि कमी बोलायचं एवढंच येत होतं. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, लेकींची लग्नं झाली, आणि मग ही बाई अचानक गावाच्या उपयोगी पडू लागली. बचत गट तिनं चालवला. नीलेश पहिल्यांदा गावात आला आणि शाळेच्या ओट्यावर सभा झाली, तेव्हा पुरुष मंडळी 'पाहू, पाहू' म्हणत तंबाखू मळत होती. मागून फुलवंतानं एकच विचारलं, तार तुटली तर जोडायला कोण येणार? नीलेश म्हणाला, तुमच्याच गावातल्या माणसाला शिकवू, तोच जोडेल. मग होऊ द्या, असं ती म्हणाली, आणि तिथंच तिला अध्यक्ष करून सगळे घरी जेवायला गेले.

पुरुषांना वाटलं होतं, बाई नावाला राहील. पण मळणी झाली तशी ती खळ्याखळ्यावर गेली आणि घरटी भागाचं धान उभं राहून मोजून घेतलं. ज्यांच्याकडं धान नव्हतं त्यांनी खोदाईचे दिवस दिले. सौंदडहून येणारा रस्ता मध्येच जंगलात शिरतो. तिथून तार न्यायची परवानगी कागदांत अडकली होती आणि ती कधी सुटेल हे सांगायला कुणी तयार नव्हतं. म्हणून तारेनं रस्ता सोडला, शेतांत उतरून तलावाला वळसा घातला आणि धुऱ्याधुऱ्यानं गावाकडं यायचं ठरलं. त्या प्रत्येक धुऱ्याच्या मालकाच्या दारात फुलवंता गेली. कुणी चहा दिला, कुणी शिव्या दिल्या, कुणी दोन्ही दिलं. ती पुन्हा गेली. अशा रीतीनं सगळे धुरे मोकळे झाले आणि तार गावाच्या तोंडाशी आली. आता फक्त शेवटचा धुरा उरला, मोठ्या घराचा आणि लहान घराचा सामाईक. तो तुलसीराम आणि त्यांचा धाकटा भाऊ श्यामलाल यांच्या शेतांमधला होता, आणि श्यामलाल हा फुलवंताचा वारलेला नवरा.

तुलसीराम इतक्या चटकन हो का म्हणाले, हे गावात फक्त तिला कळलं होतं.

दोन्ही शेतं एका बापाची. वाटणी झाली तेव्हा मधे धुरा घातला गेला. श्यामलालची बांधी वरच्या अंगाला, तुलसीरामची खालच्या. तुलसीराम दर जेठात आपल्या बाजूनं धुरा तासायचे, जरा जास्तच तासायचे. धुरा बारीक झाला की वरच्या बांधीतलं पाणी त्यातून झिरपून खाली जायचं आणि श्यामलालचं धान उभं वाळायचं. मग श्यामलाल काय करणार? आपल्याच बांधीतली माती काढून आपल्या बाजूनं धुरा पुन्हा जाड करायचा. ती माती टोपल्यानं डोक्यावर वाहायची फुलवंता. एका वर्षी पोटात लेक होती तरी वाहिली. यानं इकडून तासायचं, त्यानं तिकडून भरायचं, असं वर्षानुवर्षं चाललं आणि धुरा मुंगीच्या पावलानं श्यामलालच्या शेतात सरकत गेला. शेवटी हातभर गेला. हातभर म्हटलं तर काही नाही, पण लांबी मोठी होती, आणि दोन एकरांच्या मालकाला हातभरही दिसतं.

श्यामलाल भिडस्त माणूस. बरीच वर्षं गिळून राहिला आणि मग एकदा पंचांपुढं बोलला. तुलसीरामांनी शांतपणे सांगितलं की धुरा बापानं घातला तिथंच आहे, श्याम खोटं बोलून राहिला. मोठा भाऊ, गावात वजन. पंचांनी श्यामलालला समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या आणि घरी पाठवलं. त्यानंतर श्यामलाल सभेला गेला नाही, मंडईच्या जत्रेत नाटक बघायला बसला नाही, दुकानाच्या ओट्यावर टेकला नाही. खोटारडा ठरलेला माणूस कसा चालतो ते फुलवंतानं रोज पाहिलं. पुढं लकव्यानं तो खाटेला खिळला, जीभ जड झाली, तरी एक वाक्य त्याला नीट म्हणता यायचं. "मी खोटा नाई बोललो, फुले." ती म्हणायची, मले मालूम आहे. तिला माहीत असून त्याचं भागत नव्हतं.

बरं, ही गोष्ट तिनं भासऱ्याला तोंडावर कधी सांगावी, तर तीही सोय नव्हती. पोवार जातीच्या घरात भाऊसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यापुढं पदर ओढायचा, खाटेवर बसायचं नाही, त्याच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही, आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. तिसरा माणूस नसला तर गाईला, नाहीतर भिंतीला. एकदा तुलसीरामांचे बैल लहान घराच्या तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, घुसले, तेव्हा फुलवंता अंगणातल्या गाईकडं तोंड करून म्हणाली होती, सांग त्याइले, बैल तणसात आहेत. तुलसीरामांनीही त्याच गाईला, येतो म्हणून, उत्तर दिलं होतं. गाय बिचारी दोघांच्या मध्ये रवंथ करत उभी राहिली. भिंतीला भिंत लागून तीस-बत्तीस वर्षं काढली, पण त्या माणसाला हाक काय मारतात, हा प्रश्नही तिला कधी पडला नव्हता.

आणि आता तार त्या धुऱ्यातून जाणार होती. धुरा आहे तिथं कायमचा होणार होता. मोठ्या घरानं ढापलेली हातभर जागा तर जाणारच होती, पण तिचं फुलवंताला तेवढं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते हे, की तुलसीरामांचं पंचांपुढचं बोलणं आता जमिनीत पुरलं जाणार, आणि ते पुरणार गावाची तार, जी तिनं स्वतः दारोदार फिरून आणली.

दुसऱ्या दिवशी नीलेश घरी आला तेव्हा तिनं त्याला ताक दिलं आणि तार दुसरीकडून न्यायला सांगितलं. नीलेशला वाटलं, बाई थट्टा करतेय. तिनं तेच पुन्हा सांगितलं. तो म्हणाला की दुसरीकडं खडक आहे, तलावाच्या पाळीत खणलं तर पाळ फुटेल, आणि धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले आणि शेतात पाणी साचलं की पुढं दिवाळीपर्यंत काम बंद. तार जोडायचं यंत्र तोवर दुसऱ्या गावाला जाणार होतं, तिथलीही माणसं वाट बघत होती. मोठे काका तर हो म्हणाले, मग तुम्हाला काय अडचण, असं त्यानं विचारलं. फुलवंतानं ताकाचा गडवा उचलला आणि आत नेऊन ठेवला.

गावात बोलायला वेळ लागला नाही. लोकांच्या धुऱ्यांवर मोठी उदार झाली, आपला धुरा आला तर हात आखडला, असं पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या. बकाराम तर म्हणाला की माझ्या धुऱ्यात तार दोनदा गाडली तरी मी काही बोललो नाही. फुलवंताच्या कानावर हे सगळं आलं. त्यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

उदाराम मडावी आला तो दुपारी. जंगलाच्या कडेला गोंडांची चार-सहा घरं आहेत, तिथला हा म्हातारा. तारेची नाली त्याच्या शेतातून जाताना मोहाच्या झाडाची मुळं तोडावी लागली होती. मोहाचं झाड म्हणजे उदारामच्या घरचं माणूस. मोह मेला तर, असं त्यानं तेव्हा फुलवंताला विचारलं होतं. तरी त्यानं खणू दिलं. तो आला, अंगणात उकिडवा बसला, पाणी प्याला.

मग म्हणाला, "मोहाची एक बाजू वाळली, बाई."

फुलवंता खाली मान घालून उभी राहिली.

"तुले बोल लावाले नाई आलो. मी देल्लं ते तुह्या तोंडाकडे पाहून नाई देल्लं. माही माय त्या टेकडीवर पाठीवर घालून नेली होती, अंगठा लावाले. नाई लागला. पुढच्या महिन्याले वर न्याले माय नवती. म्हनून देल्लं. तुले नसन द्याचं, त नको देऊ. मी कोनाले काई बोलू देत नाई."

कुणी भांडलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. हे ऐकून तिला रडू आलं. ती तिथंच जमिनीवर बसली आणि इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं या म्हाताऱ्याला सांगितलं, तासलेल्या धुऱ्याचं, डोक्यावरच्या मातीचं, पंचांचं, खाटेवरच्या त्या एका वाक्याचं.

"जागा देनं होते मले, दादा," ती म्हणाली. "जागेचं काई नाई. पन मंग माहे मालक खोटेच ठरते ना."

उदारामनं डोकं खाजवलं. "कायले ठरते? तू काय देऊन राहिली, ते सांगून दे ना. मुक्यानं देल्लं त लोकाइले वाटते, काईच नाई देल्लं."

तो उठून गेला. फुलवंता तशीच बसून राहिली. सांगून दे. कुणाला सांगायचं ते तर उघडच होतं. ऊन कलल्यावर तिनं बकारामकडं निरोप पाठवला, उद्या सकाळी धुऱ्यावर या, सगळे या.

बेहडटोल्यात तलावाचा नवा पाट काढायचा झाला की एक रीत पाळतात. ज्याच्या जमिनीतून पाट जायचा, त्यानं पहिली कुदळ आपल्या हातानं मारायची. ती मारली की संमती झाली, पुढं कागद लागत नाही आणि पुढं कुणी मला विचारलं नाही असं म्हणू शकत नाही. धुरा सामाईक असेल तर दोन्ही मालकांनी एकाच जागी, एकामागून एक मारायची. नीलेशच्या तारेलाही गावानं हीच रीत लावली होती. नीलेशनं सह्यांचे कागद आणले होते, तेही झाले, पण लोकांचा भरवसा कुदळीवर.

सकाळी धुऱ्यावर गाव जमलं. तुलसीराम धुतलेलं धोतर नेसून आले होते. नळीचं वेटोळं खाली पडलं होतं, उदाराम त्याच्यापाशी टेकला होता. फुलवंता खांद्यावर कुदळ टाकून आली आणि भासऱ्यापासून चार पावलं लांब थांबली, पदर कपाळावर. तिला आलेली पाहून बायका एकमेकींकडं बघू लागल्या. नीलेशनं धुऱ्याच्या मध्यावर चुन्याची रेघ मारली आणि वडीलधारे म्हणून तुलसीरामांना पुढं व्हायची खूण केली. त्यांनी कुदळ उचलली.

"थांबा," फुलवंता म्हणाली.

ती कुणाशी बोलली हे आधी कुणाला कळेना. नीलेशला वाटलं आपल्याला थांबायला सांगितलं. पण तिची मान वर होती आणि ती सरळ तुलसीरामांकडं पाहत होती. हाक मारायला शब्द तिच्यापाशी नव्हता, तेव्हा तिनं हाक न मारताच बोलायला सुरुवात केली.

"माह्या मालकानं पंचाइपुढं सांगतलं होतं, धुरा हातभर सरकला. तुमी म्हनलं, श्याम खोटं बोलून राहिला. या धुऱ्याची माती मी माह्या डोक्यावर आनली, दरसाल, आमच्याच बांधीतून. मले मालूम आहे धुरा कुठं होता." तिनं रेघेपासून हातभर पलीकडं, तुलसीरामांच्या अंगाला, बोट दाखवलं. "ते हातभर जागा मी आज देऊन राहिली. पन तुमाले नाई. गावाच्या तारेले देऊन राहिली, माह्या मालकाच्या नावानं. सगळ्याइनं आयका. आता मारा कुदळ."

भाऊसून भासऱ्याला तोंडावर बोलली, तेही भरल्या गावात. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. पण हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की बाईनं काय केलंय. रीत रीत असते. आता तुलसीरामांनी कुदळ मारली, तर हे बोलणं मान्य करून मारली असं होणार. आणि नाही मारली, तर गावाची तार शेवटच्या धुऱ्यावर त्यांनी अडवली असं होणार.

तुलसीराम कुदळ धरून उभे राहिले. ते काही दुष्ट माणूस नव्हते. चार मुलांच्या पोटाची काळजी होती तेव्हा हात जरा जास्त चालला, आणि एकदा चालला तो चालतच राहिला. मग पंचांपुढं बोलायची वेळ आली तेव्हा खरं बोलायची हिंमत झाली नाही. त्यानंतर भाऊ त्यांच्या सावलीलाही उभा राहिला नाही. तो आजारी पडला तेव्हा ते दोनदा लहान घराच्या दारापर्यंत गेले होते आणि दारावरूनच परत आले होते. हे फुलवंतानं आतून पाहिलं होतं. त्यांनी गावाकडं पाहिलं, खाली चुन्याच्या रेघेकडं पाहिलं.

"नीलेश," ते म्हणाले, "सांग तिले. कुदळ खाली ठेव म्हनाव." मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा उतरवून बाजूला ठेवला. "श्यामच्या जागेतली नाली मी खणतो."

आणि त्यांनी कुदळ मारली.

नीलेश शहरातला पोरगा. काय घडलं ते त्याला उमगलं नाही. निरोप पोचवायचा एवढंच कळलं, म्हणून तो वळून सांगू लागला, "काकू, वो बोल रहे हैं की..."

"आयकलं," फुलवंता म्हणाली.

तिनं ऐकलं होतं, आणि सगळ्या गावानं ऐकलं होतं. श्यामच्या जागेतली. या दोन शब्दांसाठी तिचा नवरा वर्षानुवर्षं वाट पाहत राहिला आणि ते न ऐकताच गेला. ती रडू लागली. पदर ढळला तरी तिनं तो सावरला नाही, सगळ्यांसमोर रडली. कुणी तिला उगी केलं नाही, कारण ते रडणं थांबवण्यासारखं नव्हतं. पण कुदळ तिनं खाली ठेवली नाही. डोळे पुसून ती पुढं झाली आणि तुलसीरामांनी जिथं मारली होती, त्याच जागी तिनं आपली कुदळ मारली.

मग ती धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून खणायला लागली. गावातले तरुण मदतीला धावले, त्यांना उदारामनं हातानं मागं सारलं. तुलसीराम या टोकानं, फुलवंता त्या टोकानं, अशी दोघं ऊन चढेपर्यंत खणत राहिली. सत्तरीचा माणूस, मध्ये मध्ये कुदळीवर टेकायचा, पुन्हा वाकायचा. लोक पाणी नेऊन द्यायचे आणि परत येऊन धुऱ्याखाली बसायचे. पुढं पाऊस पडायच्या आत तार गावात पोचली, दुकानदार यंत्र घेऊन टेकडीवरून खाली उतरला, दवाखान्याच्या खोलीत आणि शाळेत जोडण्या गेल्या, बकारामच्या सुनेला तार जोडायला शिकवलं, हे सगळं यथावकाश झालंच. नीलेश नंतर दुसऱ्या गावांना जाऊन बेहडटोल्याचं उदाहरण सांगायचा. त्यात सोसायटी असायची, भाग असायचे, खोदाई असायची. ही सकाळ कशी सांगायची ते त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

दोन्ही टोकांची नाली मध्यावर आली आणि दोघांमध्ये वीतभर माती राहिली. रिवाजाप्रमाणं फुलवंतानं इथं बाजूला व्हायला हवं होतं. ती झाली नाही. तुलसीरामही थांबले नाहीत. एक कुदळ त्यांची, एक तिची, अशी ती माती सुटली आणि नाली आरपार झाली.

फुलवंता धापा टाकत उभी राहिली. हातांना फोड आले होते. तिनं नालीकडं पाहिलं, ती सरळ होती.

"आज माहे मालक पाह्यजे होते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. माणसं नळीचं वेटोळं उचलायला पलीकडं गेली होती.

"होय," तुलसीराम म्हणाले. ते तिच्याकडं पाहत नव्हते, नालीच्या कडेची ढेकळं पायानं बाजूला करत होते. पण त्यांनी ते तिलाच म्हटलं होतं.